आईची जुनी टेप

ती. आईस,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

मी इथे करते तरी काय, असं काकू विचारतात ना? काही बाळांच्या डोक्यात पाणी साठतं, ते काढायला नळी बसवतात. अशा बाळांच्या घरच्यांना आमची संस्था मदत करते. मी दर आठवड्याला बाळांच्या डोक्याचा घेर मोजते. तो झपाट्याने वाढला, तर नळी तुंबल्याची भीती.

आजवर मी तुझ्या शिवणकामाची टेप वापरत होते. काल नर्सबाईंनी नव्या टेपने मोजलं, तर एका बाळाचा घेर एकदम सेंटिमीटरभर वाढलेला! त्याची आई मटकन खाली बसली. मग दोन्ही टेप शेजारी धरल्या. तुझी वापरून वापरून लांबली होती! तू माप घ्यायचीस तिनेच आणि कापड बेतायचीसही तिनेच, म्हणून तुझा एकही ब्लाउज बिघडला नाही.

डॉक्टरांनी तपासलं, बाळ छान आहे. नर्सबाईंनी मला चांगलंच सुनावलं आणि प्रत्येक घराला नवी टेप दिली. तर बाळाची आई म्हणते कशी, "ताई, ती जुनीच द्या ना, तिच्यात कमी भरतं."

तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग, जुन्या टेपने मोजून नको.

तुझीच,
धाकटी