हवेतली पंचावन्न मिनिटं

ता. ५, बुधवार

चि. धाकट्यास, ताईचा आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू हो हो म्हणतोस नि ठेवून देतोस, म्हणून शर्टांची काजं बाजूला ठेवून लिहितेय. अक्षराला हसू नकोस, चौथीपर्यंतचंच आहे.

आईच्या हृदयाचं ऑपरेशन अठराला, मंगळवारी सकाळी आठला. आणखी लांबवलं तर माझी जबाबदारी नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि ही बाई हटून बसलीय, धाकट्याचं तोंड बघितल्याशिवाय कागदावर सही करणार नाही. सहा वर्षं झाली तुला बघून. तूच तिला सांगून ठेवलंस ना, दोन विमानतळांत सहाशे दहा किलोमीटर, विमानाने पंचावन्न मिनिटं? वॉर्डातल्या झाडूवालीलासुद्धा ऐकवते, माझा लेक पंचावन्न मिनिटांवर आहे.

मी तिकीटवाल्याला विचारून आले. पंचावन्न मिनिटं नुसती हवेतली. तुझ्या घरून विमानतळ दीड तास, तिथे दोन तास आधी हजर, इथे उतरून दवाखान्यात पोचायला दोन तास. साडेसहा तास झाले की रे! तेव्हा बोलावलं की उडी मारतो, हे मला सांगू नकोस. सतराच्या आत इथे दिस.

लोभ आहे, सध्या राग जास्त आहे.
ताई

ता. ९, रविवार

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरतोय. ताई, मी विमानात कधी बसलोच नाही. गेल्या वर्षी आई पडली तेव्हा विमान रद्द झालं म्हणालो, ते खोटं. तिकीट हातात होतं. दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. बाकावर बसून राहिलो, विमान समोरून गेलं. बसने यावं तर सगळे विचारणार, विमान असताना बसने का? त्या लाजेने तेही राहिलं.

तू म्हणशील, दिवसभर लिफ्टच्या टपावर उभा राहून दुरुस्ती करतोस, तुला कसली भीती? लिफ्टला दोर असतो, ताई. तो मी स्वतः तपासतो.

सोळाचं तिकीट काढलंय. रोज काढून बघतो आणि परत पाकिटात ठेवतो. आईला यातलं काही बोलू नकोस.

माया कमी करू नकोस.
तुझा धाकटा

ता. १२, बुधवार

चि. धाकट्यास,

गाढवा! तोंड शिवलं होतं का तुझं? मला वाटायचं, तुझी बायकोच तुला सोडत नाही. तिला मनातल्या मनात काय काय बोलले मी. माझ्या वतीने तिची माफी माग.

आईला सांगितलं. माझ्या पोटात राहत नाही. आधी रडली, मग हसायला लागली. म्हणाली, पंचावन्न मिनिटांवरचा कधी पोचला नाही, आता लांबून येऊ दे, पण येऊ दे.

तेव्हा विमान सोड. तुमच्या स्टँडवरून रोज संध्याकाळी सहाला बस आहे. सोळा तास लागतात. रविवारी बसलास तर सोमवारी सकाळी दहाला इथे. सोमवारची धरलीस तर आई आत गेलेली असेल. हे पत्र शुक्रवारी मिळेल. मिळालं की आधी जागा राखून ये, मग जेव. मागची सीट घेऊ नकोस, उलट्या होतील.

काल आईने सही केली, तुझी वाट न बघता. डॉक्टरांनी मुलगा कुठे विचारलं तर रस्त्यात आहे म्हण, असं मला पढवून ठेवलंय. सोमवारी सकाळी ते येतील तेव्हा मी तसंच सांगणार आहे. मला खोटं पाडू नकोस.

ताई