हरवलेला नकाशा आणि शिवराळ पोपट

सूनबाई,

तू काढलेला दवाखान्याचा नकाशा सापडला. कॉम्प्युटर बंद करू नकोस, समोरच उघडून ठेवलाय. दुपारी डॉक्टरीणबाईंकडे ताठ मानेनं घेऊन जा.

सकाळी तू नावानं शोधत बसलीस, तिथेच घोडं अडलं. आमचा पोपट रानात उडाला, तेव्हा मी त्याला नावानं हाक मारली नाही. "शिव्या देणारे तेवढे खाली या," एवढंच ओरडलो. हजारोंच्या थव्यातून तीन उतरले. सगळ्यात घाण तोंडाचा तो आमचा. इथेही तेच केलं. शोधायच्या चौकटीत चांदणी (*), टिंब आणि पुढे पीडीएफ लिहिलं. घरातल्या सगळ्या पीडीएफ रांगेनं हजर! त्यातून तारीख बघून तुझी उचलली.

निघाली आमच्या चिरंजिवांच्या फोल्डरमध्ये. त्यानंच पुसली म्हणून तू त्याला फाडून खाल्लंस. "अगं, ऐक तरी," म्हणत होता बिचारा. शेवटी डबा न घेताच कामावर गेला.

पोपटावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. पण चिरंजिवांनी फाईलला दिलेलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाच: "हिची मेहनत, कोणी हात लावू नये." आणि मग त्याला फोन कर.

मी त्याचा डबा पोचवायला गेलोय.

– बाबा