छापून आलेले सात

७ एप्रिल, सोमवार
नोकरी लागली! माळावर वाढलेल्या मला आज पहिल्यांदा कॅस्पियन समुद्र दिसला आणि मी सामान सोडायचंच विसरले. संपादक कदिरबेक आगांच्या साप्ताहिकात मी बातमीदार. खोली ऊलबोसिन आपांकडे मिळाली आहे. आल्याआल्या त्यांनी दूध घातलेला चहा पाजला आणि आईनं उपाशी ठेवलं होतं का गं, म्हणून विचारलं. त्यांचा नवरा सीलांची शिकार करायचा. तो समुद्रातच गेला. त्याच्यासाठी त्या दर शुक्रवारी सात शेल्पेक तळतात. या पातळ पोळ्या शेजारी वाटायच्या. तळणाचा वास गेलेल्यांना पोचतो, मग ते निवांत होतात.

९ एप्रिल, बुधवार
समुद्रातली तेलाची नळी फुटली. किनारा काळा झाला आहे. मेलेले सील मी एकेक करून मोजले, तीनशे बारा. शेवटचं, तीनशे बारावं, पिल्लू मी पोचले तेव्हा अजून जिवंत होतं. माझ्या बुटावर डोकं टेकून त्यानं डोळे मिटले. मी तिथेच बसून रडले.

आगा म्हणाले, पोरी, जाहिराती देणाऱ्या तेल कंपनीला दुखवून आपण पेपर कुठे छापायचा, वाळूत? सात लिही. मी सात लिहिलं. बातमीवर माझं नाव येणार होतं.

११ एप्रिल, शुक्रवार
पेपर वाचून आपा हळहळल्या. नवऱ्यानं जन्मभर सील मारले, त्यांचं एवढं तरी करू, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे सात शेल्पेक तळले. दुपारी घरात तळणाचा वास होता. चार वाजता तो किनाऱ्यावरच्या कच्च्या तेलाचा झाला. अंगणात सरपटल्याच्या काळ्या खुणा होत्या. आपांनी विचारलं, सातच गेले ना गं? मग हे कोण आलेत? मी अंगण धुवायला घेतलं. लाज वाटते.

१२ एप्रिल, शनिवार
भर दुपारी धुकं. खिडक्यांबाहेर श्वास, ओले, जड. आपांना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ज्यांचं मरण कुणी सांगितलंच नाही, त्यांना कसं कळणार गं, आपण मेलोय म्हणून? अशी बातमी थोरल्या माणसानंच जाऊन सांगायची असते.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी आपा किनाऱ्यावर गेल्या. आल्या नाहीत. पाण्याशी त्यांचा रुमाल सापडला, तेलानं माखलेला. आगांना फोन केला, खरा आकडा छापा म्हणून रडले. ते म्हणाले, म्हातारी बेपत्ता का? दोन ओळी दे.

१४ एप्रिल, सोमवार
पहाटेपासून तळते आहे. सात आपांनी तळले होते, म्हणून आकडा आठपासून धरला. दर पोळीला आकडा मोठ्यानं म्हणते — बाहेरचा एकेक श्वास थांबतो — आपा, ही एक आकड्याबाहेरची, तुमच्यासाठी —

दोनशे नव्वद. हात भाजलेत.

तीनशे अकरा — पीठ संपलं. गोणी झटकली. काही नाही —

बाहेर शांत आहे. दार उघडं — मी नव्हतं उघडलं —

बुटावर ओलं काहीतरी टेकलंय. डोकं. मी सांगते आहे त्याला, बाळा, तू गेलास, तू तीनशे बारावा — ऐकतच नाही — डोळे मिटतच ना