धाकट्या सुनेने हिंग खाल्ला

आदरणीय विहीणबाई गुलांदोम यांना ओयनिहोलचा सलाम. तब्येत कशी आहे, गुडघा वळतो का, व्याह्यांचा खोकला उतरला का, जर्दाळू यंदा धरले की गारांनी झोडपले, गाय व्याली का, हे सगळं मनापासून विचारते आहे. (राग मला बकरीचा आहे, गाईचा नाही.) आम्ही इकडे खुशाल आहोत. खुशाल कसले, अंगाचा नुसता तिळपापड झालाय, पण पत्राच्या सुरुवातीलाच तसं लिहायची रीत नाही.

आता ऐका. तुमची मुलगी तुमच्याकडे येऊन बसली त्याला आज वीस दिवस झाले. तिने तिकडे काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे: सासूने हाकललं. साफ खोटं! मी हाकललं बकरीला. लग्नात तुम्ही मुलीबरोबर ती कानतुटकी बकरी पाठवलीत, आणि आमच्या ह्यांनी (हसवायचं तिथे तोंड उघडत नाहीत, नको तिथे विनोद करतात) तिचं नाव ठेवलं ‘धाकटी सून’. दोघी एकाच दिवशी उंबरा ओलांडून आल्या म्हणून. पुढे ‘धाकटी’ म्हणायचाही सगळ्यांना कंटाळा आला आणि घरभर नुसतं ‘सून’ झालं. सुनेला पाणी दाखवा, सून छपरावर चढली, सुनेने माझा रुमाल चघळला. तुमची मुलगीच सगळ्यात जास्त हसायची.

मागच्या उतारावर माझं हिंगाचं झाड होतं. होतं! हिंगाची तऱ्हा तुम्हाला मी काय सांगायची, पण सांगते, कारण तुमच्या बकरीला कुणी सांगितलेली दिसत नाही. वर्षानुवर्षं तो नुसती पानं काढतो (वाळली की घाण जाते, मग तीच आमच्या गाईची हिवाळ्याची बेगमी), आणि जन्मात एकदाच माणसाच्या उंचीचा दांडा वर काढतो, फुलतो, बी टाकतो आणि मरतो. त्या बियांवर पुढचा सगळा उतार. मी नऊ वर्षं वाट बघितली, विहीणबाई. नऊ! ओला असताना हिंग अशी घाण मारतो की गाय लांबूनच मान फिरवते, गाढवसुद्धा तोंड लावत नाही. त्याच्या जिवाची ती राखण आहे, आणि अख्ख्या गावातल्या जनावरांना ती समजते. तुमच्याकडून आलेल्या जनावराला नाही. दांडा वर आला आणि तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर वीतभर खुंट उरलेला, आणि ही बया शेजारी रवंथ करत माझ्याकडे अशी बघते आहे, जशी मीच तिच्या रानात घुसले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण त्या संध्याकाळी तिचं दूध निघालं, त्याचं दही लागलं, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या गावचे चार पाहुणे आले. चौघांनी एकेक घास घेतला आणि हळूच आपापल्या मोज्यांकडे बघितलं. (एकाने तर पाय पोटाशी घेतले. बिचारा.) अहो, माझ्या दह्याची गावात ख्याती आहे! पाहुणे अंगणाबाहेर पडले आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "नऊ वर्षांचं माझं झाड खाल्लं या सुनेने! हिला आत्ताच्या आत्ता माहेरी सोडून या, पुन्हा मला तोंड दाखवायचं नाही!" तुमची मुलगी तेव्हा तंदुरात डोकं घालून रोट्या काढत होती. पहिलं वाक्य तंदुरात गेलं, दुसरं तेवढं कानात शिरलं. बाहेर येऊन काही विचारावं की नाही? नाही. रोट्या झाकल्या, गाठोडं बांधलं, बकरीची दोरी धरली आणि चालायला लागली. आमचे हे तुतीखाली चहा पीत बसले होते. म्हणतात, मला वाटलं बकरीला सोडायला निघाली.

सासूचं ऐकावं, पण पुरतं ऐकावं. एवढं तरी शिकवून पाठवायचं होतंत. इकडे माझा शोदमोन दर शुक्रवारी रशियातून फोन करतो, बायकोला बोलवा म्हणतो. एका शुक्रवारी मी सांगितलं नदीवर गेलीय, पुढच्या शुक्रवारीही नदीवरच. काल तो म्हणाला, "आई, ती धुणं धुतेय का नदी?" आता पोटच्या पोराशी मी किती खोटं बोलायचं? पण माफी मी मागणार नाही. माझं काय चुकलं? माझं झाड गेलं, माझं दही गेलं. ती बकरी तुम्हालाच लखलाभ होवो.

तुमची विहीण,
ओयनिहोल

ता. क. बकरीने आणखी काय काय नासलंय तेही लिहावं म्हणून आज उतारावर गेले होते. खालच्या अंगाला मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका हिंगाने बी टाकलं होतं. कडक जमिनीवर काही म्हणता काही उगवलेलं नाही. पण पावसाळी चिखलात बकरी जिथे जिथे फिरली, तिथे खुराच्या प्रत्येक खळग्यात हिंगाचं रोप आहे. तुमची मुलगी हिवाळ्यात म्हणाली होती, "आई, बी नुसतं पडून वाया जातं, खुराने दाबलं तर रुजतं." मी म्हटलं होतं, मला शिकवतेस? हे व्याह्यांना वाचून दाखवू नका.

ता. क. २. वर ‘लखलाभ होवो’ लिहिलंय ते खोडा. माझी शाई संपत आलीय म्हणून मी खोडलं नाही.

ता. क. ३. एवढं मात्र तिला स्वतःला वाचू द्या. ‘सून’ लिहिलं की पुन्हा घोटाळा व्हायचा, आणि बकरी तेवढी परत यायची. म्हणून नावच लिहिते. मिझगोना, घरी ये. राग गेला नसेल तरी ये, पोरी. इथे येऊन रागाव.