पहिली रांग

७ डिसेंबर, रविवार

नाताळच्या पाहुण्यांची जबाबदारी माझ्या गळ्यात! पास्टरसाहेब म्हणाले, "सुनंदाबाई, दर नाताळाला अख्खं लालबाग चर्चमध्ये येतं, केक खातं, मग वर्षभर कुणी फिरकत नाही. काहीतरी करा."

काय करू? माझ्याच घरातली सून फिरकत नाही! दीपाली तुकईथड गावच्या हिंदू घरची. गेल्या नाताळाला, लग्नानंतर पहिल्यांदाच, नवी साडी नेसून हौसेनं आली होती. तेव्हापासून रविवारी मी आणि माझा मुलगा अनिकेत निघतो, ती कपडे वाळत घालते. जबरदस्ती नाही बाई करणार. पण पोरगी शेजारी बसावी असं वाटतं. फार वाटतं.

१० डिसेंबर

मीटिंग झाली. कुणी म्हणे लाइटिंग वाढवा, कुणी म्हणे केकचे तुकडे मोठे करा. डोकं उठलं नुसतं.

१४ डिसेंबर

मेथी निवडताना दीपालीला सरळ विचारलं — मागच्या वर्षी कुणी काही बोललं का तुला?

"नाही मम्मी, सगळे अच्छेच होते. पण मला एकदम पुढे बसवलं ना! उठायचं कधी, बसायचं कधी, कुणाचं बघून करू? मागे वळून बघितलं तर सगळे उभे, मी एकटीच बसलेली. इतकी शरम वाटली!"

अगं बाई! पाहुण्यांना पहिली रांग — हा आमचा मान! इतकी वर्षं देतोय, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

१६ डिसेंबर

पाहुणे मधे बसवू, प्रत्येकाजवळ आपलं एक माणूस — एवढंच म्हटलं, तर चर्चचे जुने कारभारी कडूभाऊ भडकले. "पाहुण्याला मागे? लोक काय म्हणतील?"

"पुढे तुम्ही बसा. तुम्हाला सगळं पाठ आहे."

पास्टरसाहेब हसले. कडूभाऊ नाही हसले. पण ठरलं!

घरी दीपालीला सांगितलं. "बघते," म्हणाली. आणखी आग्रह न करता मी कणीक मळायला घेतली.

२५ डिसेंबर

आली! चौथ्या रांगेत, माझ्याजवळ. पुढे कडूभाऊ सगळ्यांना दिसावं म्हणून असे ताठ उठत होते, जसं झेंडावंदन! शेवटच्या गाण्याला मला रडू आलं आणि मीच उठायची विसरले. दीपालीनं कोपरानं ढोसलं — "मम्मी, उठा ना!"

२८ डिसेंबर, रविवार

आज ना लाइटिंग, ना केक. तरी दीपाली माझ्याआधी तयार! चर्चमध्ये शेजारची जागा तिच्यासाठी धरून बसले. ती आलीच नाही. वळून बघितलं, तर मागे एका अनोळखी बाईजवळ बसून तिला सांगत होती, "घाबरू नका, मी उठले की उठा."