वारा तोंडावर घेऊन

सोमवार, ४ तारीख

आलो बाबा एकदाचे! क्वार्टर दोन खोल्यांचं, रुळांजवळच्या खोलगटात, पण नळाला चक्क पाणी आहे. बाळाला अजून तीन महिने अवकाश, तरी हिने पाळण्याची जागा ठरवूनसुद्धा टाकली. आणि उतावळा म्हणे मी!

मालगाडीवर असिस्टंट ड्रायव्हर म्हणून उद्या रुजू होतोय. विषारी वायूचे टँकर ओढायचे. मुख्य ड्रायव्हरना सगळे मामा म्हणतात. माणूस तोंडाने फटकळ, पण स्वतः येऊन आमची ट्रंक उचलू लागले.

मंगळवार

मामांनी शाळाच घेतली. दोघांच्याही दंडाला लाल चिंधी बांधली, वारा कळावा म्हणून. टँकर घसरले तर आधी कंट्रोलला कळवायचं, मालाचे कागद उचलायचे आणि वारा तोंडावर घेऊन चढाकडे सुटायचं. वायू जड असतो, खोलगटात साचतो. लांबूनच लोकांना अडवायचं. मागून कुणीही हाक मारो, वळायचं नाही.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हिलाही बजावलं: भोंगा झाला की दारं-खिडक्या लावायच्या, फटींत ओले टॉवेल कोंबायचे, कुणालाही उघडायचं नाही. यांनी हाक मारली तरी? हिने हसत विचारलं. याने मारली तर मुळीच नाही, मामा म्हणाले. स्वतः मात्र हसले नाहीत.

गुरुवार

आमच्या क्वार्टरच्या वरच्या अंगाला खिंड आहे, तिथे मामा खाली बघत नाहीत. मागे तिथे टँकर घसरले होते. गार्ड सुखरूप वर पोचला होता, पण खालून सोबत्याची हाक आली म्हणून परत उतरला, तो वर आलाच नाही. सोबती तर केव्हाच गेलेला होता. तेव्हापासून तो गार्ड तिथे दिसतो. त्याची चिंधी वाऱ्याच्या उलट फडकते, म्हणे.

मी म्हटलं, मग पगारही उलटा कापतात का त्याचा? मामांनी माझ्या चिंधीची गाठ आवळली.

परतताना रुळांच्या कडेला एक माणूस उभा होता. गवत डावीकडे वाकलेलं. त्याच्या दंडावरची चिंधी उजवीकडे.

शनिवार

आज खिंडीत माझ्या नावाने हाक आली. मामांच्या आवाजात.

मामा माझ्या शेजारीच बसले होते, तोंड मिटून.

हिला सांगितलं नाही. दुसरी नोकरी बघायला हवी. बाळ व्हायच्या आत इथून निघायचंच.

सोमवार, दुपार

घसरले. खिंडीतच. मागचे तीन टँकर आडवे. पिवळट धुकं जमिनीलगत सरकतंय. कंट्रोलला कळवलं, कागद घेतले, पळालो. मामा पुढे होते, मग धुळीत दिसेनासे झाले. मी टेकाडावर आहे.

खालून हाक येतेय. मामांची. इंजिनात पाय अडकलाय म्हणतात.

खोटी असणार. मला माहीत आहे.

पण खरी असली तर? ट्रंक उचलली होती त्यांनी —

नंतर

गेलो. इंजिनात कुणीच नव्हतं. छाती जळत होती, आता अजिबात नाही. नशीब बलवत्तर! वर आलो तर मामा इथेच, धडधाकट.

माझ्याकडे बघत नाहीत. वॉकीटॉकीवर रडत सांगतायत की पोरगा खाली गेला, धुक्यातून बाहेर आलाच नाही. अहो मामा, हा काय मी! हाक मारली. त्यांनी कानांवर हात घट्ट दाबले.

त्यांची चिंधी गवताच्या दिशेने. माझी —

देवा. नाही. नाही.

घर

कसा आलो माहीत नाही. भोंगा वाजतोय. धुकं पायरीला टेकलंय. दार बंद, फटीत ओला टॉवेल. शहाणी माझी ती.

हाक मारायची नाही. ओठ घट्ट मिटलेत मी. तरी माझाच आवाज तिला बोलावतोय, छाती जळतेय म्हणून सांगतोय —

ती रडतेय. मामांनी नको म्हटलंय, म्हणतेय. बरोबर. ऐक त्यांचं. बाळ आहे गं —

टॉवेल सरकला.

कडी वाजली. नको. उघडू न