जुन्या टॅबवरचं आगर

१२ जाने., रविवार
टॅब पुन्हा झोपला. चार्जरला लावून तासाभराने डोळे उघडले त्याने. ऋता नोकरीला बंगळुरूला गेली तेव्हा तिचा कॉलेजातला टॅब मागे राहिला आणि माझा झाला. आता आठ वर्षांचा. पेनाचं टोक दोनदा बदललं.

मिठाच्या आगराचं चित्र उघडलं. पाण्याचा निळा पुन्हा मेलेला. गेल्या रविवारी अगदी बरोबर लावला होता. स्क्रीन पिवळी पडत चाललीय, दुसरं काय. दिवाळीपासून हेच. दर रविवारी थोडा निळा घालायचा, पुढच्या रविवारी तो पुन्हा आजारी.

ऋता फोनवर: "आई, अजून किती दिवस त्याला सलाईन लावणारेस? नवीन घे ना."
घ्यावा का? ठरवायचं.

१४ जाने., मंगळ
संक्रांत. तिळगूळ. सु. पांढरा शर्ट घालून मार्केटातल्या ऑफिसला. जाता जाता म्हणाला, "हल्ली नीळ जास्त होतेय का गं? मार्केटात विचारतात, आभाळ पांघरून आलास का." एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या धुण्याला नावं ठेवायची पहिलीच वेळ. मी म्हटलं, तुमच्या मार्केटातल्या धुळीला नीळ पुरत नाही.

लॅबमध्ये दिवसभर पिवळे. रंगाच्या कारखान्यात काम करून माणूस रंगांना घरातल्या माणसांसारखी नावं देतो. माझ्या मनातली नावं कुणाला माहीत नाहीत. वरणाचा पिवळा, ओल्या गोणपाटाचा, दौत धुतल्यावरच्या पाण्याचा निळा. कागदावर फक्त नंबर लिहायचे.

१९ जाने., रविवार
चित्राला चार तास. दूध उतू गेलं, कळलंही नाही.

बाबांच्या आगराचा फोटो एकही नाही. कॅमेरा कुणाकडे होता तेव्हा. आता तिथे नवी मुंबईचा सेक्टर आहे. आमच्या कोंड्या, मिठाचे वाफे, नेमक्या कुठे होत्या ते सांगता येत नाही, पण मला आपलं वाटतं की आमच्या सोसायटीच्या पार्किंगखाली. खाली स्कूटी लावताना कधी कधी उगाच पाय जपून टाकते, बांध मोडेल म्हणून.

दुपारचे चार वाजलेले. पाणी हलत नाही. आभाळ खाली आलेलं. मी सात-आठ वर्षांची, बांधावर. बाबा फावड्याने मीठ कडेला ओढतायत आणि त्या आवाजाने झोप येतेय. मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या की डोळे बारीक करायचे. तेवढं उतरलं पाहिजे. बाबा गेले, धाकट्या भावाला काही आठवत नाही. आये आणि मी, दोघीच उरलो ते बघितलेल्या. म्हणून तर हा खटाटोप.

पण या स्क्रीनवर पांढरा पांढरा राहत नाही. साय दिसते, म्हणून राशींनाही जरा निळा.

२२ जाने.
स्वयंपाकघरातली ट्यूब बदलायला लावली. सु. म्हणाला, "महिन्यापूर्वीच बदललीय." म्हटलं, पिवळी पडली. त्याने मुकाट्याने बदलली. नवीही पिवळी. आजकाल मालच असला येतो.

२५ जाने., शनि
वाशीला टॅब बघायला. एका ओळीत सहा. हातात घेतला तर वजनच नाही. पेन टेकवलं की रेघ आधीच तयार, मनातली ओळखून असल्यासारखी. मोठा होता, दोन कोंड्या जास्त मावतील.

काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, नुसतं पांढरं पान दाखव.
तिने दाखवलं. पिवळट.
"रात्रीचं सेटिंग चालू आहे तुमचं."
"नाही मॅडम, बंद आहे. बघा."
"मग डिस्प्लेचा पीस जुना झालाय."
"कालच सील तोडलंय मॅडम."
दुसरा बघितला. तिसरा. सगळे सायीचे. मुलगी माझ्याकडे जरा मायेनेच बघत होती, त्याचा राग आला. म्हणाली, जुना दिला तर एक्स्चेंज मिळेल.

घेतला नाही. रिक्षात मनाशी म्हटलं, हे नवीन टॅबवालेही फसवे. मग बोनकोडेच्या वळणावर मनात पुन्हा मोजले. सहाही?

इथेच थांबते. चहा.

२८ जाने.
काही विशेष नाही. पातेलं करपलं.

३० जाने., गुरु
हस्तिदंतीची एक बॅच परत आली. ग्राहक म्हणतो, निळसर आहे. निळसर! मी स्वतः पास केलेली. शिंदे खालून वर आला, रंग कालवण्याचं सगळं त्याच्याकडे. "मॅडम, मशीन बी तेच म्हनतंय. पन तुमची सही बघितली आनि मी म्हनलं, मशीनच चुकलं आसंल." सातारचा सरळ माणूस. माझी बाजू घेत होता आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

एकोणतीस वर्षं. लॅबला रंग मोजायचं मशीन आहेच, पण शेवटची सही डोळ्याची, म्हणजे माझी. निवृत्तीला अडीच वर्षं राहिलीत.

स्क्रीनचं कारण इथे लागू नाही. पत्र्याच्या तुकड्यावरचा रंग होता तो, खिडकीच्या उजेडात बघितलेला.

२ फेब्रु., रविवार
बोनकोडेला, आयेकडे. टॅब घेऊन गेले. इतके दिवस पूर्ण झाल्यावरच दाखवायचं ठरवलं होतं, पण आज धीर धरवेना. आये ओट्यावर वाल सोलत बसलेली. हात पुसून टॅब मांडीवर घेतला, जसं नवीन बाळ घेतात.

डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग बाबांच्या पाठीवर बोट ठेवून, "यो तुजा बाबूस. आसाच वाकं." मला भरून आलं. मग बोट पाण्यावर.
"पन यो पानी कंचा? यवरा निला पानी कदी व्हता आपले आगरान?"
"होतं गं. तू विसरलीस."
"मी नाय इसरली." माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, डोळ्यांत बघितलं. "मंदे, माज्या लुगऱ्यांना मी नील घालायची, आठवते?"

आठवतं. कसं नाही आठवणार. सात-आठ वर्षांपूर्वी आये पांढरी लुगडी निळीत बुडवून बुडवून अशी करायची की गल्ली हसायची. आम्ही ओरडायचो, आये, पुरे. ती म्हणायची, पांढरं होतच नाही. मीठही पिवळं आलंय म्हणायची, दुकानदाराशी भांडायची. सगळ्यात जास्त हसले होते मी. रंगाच्या कारखान्यात आहे ना मी, मला कळतं, असं तिला सांगितलं होतं. मग मोतीबिंदू निघाला. पट्टी काढल्यावर आमच्याकडे बघून तिचं पहिलं वाक्य: "तुमी सगली कवरी म्हातारी झालाव."

आज ती हसली नाही. वाल सोलत म्हणाली, "डागतराकरं जा. घाबराचा नाय. मी नाय का गेली?"

घरी आले. कपाट उघडलं, सु.चे शर्ट एकेक उजेडात धरले. मला सगळे पांढरे दिसले.

३ फेब्रु.
त्याला विचारलं, "शर्ट निळे आहेत का? खरं सांगा."
"थोडे."
"केव्हापासून?"
"असेल दिवाळीच्या आधीपासून."
"मग बोलला का नाहीत?"
"बोललो की संक्रांतीला. तू मार्केटच्या धुळीवर गेलीस."
इतके महिने हा माणूस निळा होऊन मार्केटात जात राहिला.

६ फेब्रु., गुरु
डॉक्टरबाई तरुण, घाईच्या, पण हात हलका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त पिकलेला, तो आधी. डावा नंतर. "इतक्या हळू येतो की माणसाला कळत नाही, मेंदू सांभाळून घेतो." मी काय काम करते ते विचारलं. सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

म्हणजे टॅब बिचारा बरा होता. आठ वर्षांचा तो, सत्तावन्नची मी, आणि मी दोष कुणाला देत होते. घरी येऊन त्याची काच पुसली. माफी मागितल्यासारखी.

७ फेब्रु.
साहेबांना सांगितलं. नाही सांगितलं तर चाललं असतं, ऑपरेशनला रजा टाकायला तापाचं निमित्त पुरलं असतं. पण ती सही.
"साहेब, दिवाळीपासूनचे माझे सगळे पांढरे आणि निळे मशीनवर परत बघून घ्या."
त्यांनी बॅचचं रजिस्टर पुढे ओढलं. मग: "मॅडम, तुमची सही असली की आम्ही बघतच नाही हो."
कौतुकच होतं ते. फार लागलं.
सहीच्या टेबलावर परत घेणार का, विचारलं. "डोळा होऊ दे, मग बघू."

१३ फेब्रु., गुरु
उजवा झाला. वीस मिनिटं. एक मोठा दिवा, मग त्या दिव्याची तीन फुलं, मग पाण्याखालून आभाळ बघावं तसं. भीती अजिबात वाटली नाही, उलट संपू नये असं. डॉक्टरबाई मधेच कुणाशी तरी डब्यातल्या भाजीबद्दल बोलत होत्या.

१४ फेब्रु.
पट्टी काढली.

लिहिता येत नाही. गॅस पेटवला आणि उभीच राहिले. ज्योत निळी. इतकी निळी की चहा ठेवायचं विसरले. बादली, सु.ची लुंगी, शेजारणीच्या बाल्कनीतलं गोकर्णीचं फूल, सगळं नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं. उजवा मिटला की जुनं जग, सायीचं, ऊबदार. डावा मिटला की नवं, थंड, लख्ख. दिवसभर हाच खेळ. सु. म्हणाला, "मला डोळे मारतेयस की काय?" या वयात लाजले.

त्याचे शर्ट बघितले. अरे देवा. सगळे दोनदा धुतले, नुसत्या पाण्यात.

१६ फेब्रु., रविवार
थेंब घालून, काळा चष्मा लावून वाशीला. त्याच दुकानात, त्याच मुलीकडे. नव्या टॅबवर पांढरं पान उघडायला लावलं, चष्मा काढला, डावा मिटला. पांढरं होतं. आमच्या मिठासारखं पांढरं. तिला म्हटलं, सॉरी गं, तुझा माल चांगला आहे. ती गोंधळली, मग हसली. "मग देऊ का मॅडम? जुना आणलाय ना?"

पर्समध्ये होता. काढला नाही.

आगराचं चित्र मी अजून उजव्या डोळ्याने बघितलेलं नाही. धीर होत नाहीये.

१९ फेब्रु., बुध
बघितलं.

भयंकर. आयेची निळीतली लुगडी परवडली. बाबा शाईच्या डबक्यात उभे. दिवाळीपासूनचे सगळे रविवार.

२३ फेब्रु., रविवार
आये म्हणाली, "परत कार. मी सांगते रंग." बसलो दोघी ओट्यावर. जुन्या टॅबवर नवं पान. ती सांगत गेली, मी उजव्या डोळ्याने लावत गेले.
"पानी मातीचा कार. मंग वरशी जरासा आबाल."
"इतकं?"
"कमी. आजून कमी. तां, बस."
संध्याकाळपर्यंत बांध, पाणी, दोन राशी झाल्या. आयेने मान डोलवली, "आता आपला हाय." खरंच चांगलं झालं. मीठ पांढरं, पाणी गढूळ, खरं. मशीनलाही पटेल.

पण ते आयेचं आगर. ती पाण्यात उभी राहून राबायची, तिला माती दिसायची. मी बांधावर बसून झोपाळलेली, मला आभाळ दिसायचं. हे तिला सांगितलं नाही. घरी येताना रिक्षात रडू आलं. रडू नका, डोळ्याला ताण पडतो, असं कागदावर लिहिलेलं आहे.

२४ फेब्रु., सोम
साहेबांचा फोन. तपासलेल्या बॅचमध्ये आणखी दोन चुकलेल्या. पण आवाज चांगला होता. "दुसरा डोळाही करून घ्या मॅडम. दोन्ही सारखे झाले की तुमची टेस्ट घेऊ, आणि टेबल तुमचंच." दोन्ही सारखे हवेत, हे बरोबरच आहे. एक डोळा मिटून रंग पास करता येत नाही.

शिंद्याने मागून ओरडून सांगितलं म्हणे, लवकर या, मशीनला लई माज आलाय.

परत जायचंय मला. फार जायचंय. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

२६ फेब्रु., बुध
ऋता: "टॅबचं ठरलं का? एक्स्चेंजची ऑफर संपेल हं."
म्हटलं, चित्रं नव्यात जशीच्या तशी जातात ना?
"अगं जशीच्या तशी. एक ठिपका बदलत नाही."
तेच तर. ठिपका कुठल्याच टॅबवर बदलत नाही.

दुपारी चारला सगळं शांत. सु. ऑफिसला, खाली पार्किंगमध्ये कुणी गाडी धुतंय, पाण्याचा आवाज वरपर्यंत. जुना टॅब मांडीवर घेतला, पहिलं चित्र उघडलं, उजवा डोळा तळहाताने झाकला.

आलं पाणी. तेच, चारचं, न हलणारं. राशी पांढऱ्या. बाबा वाकलेले, फावडं ओढतायत, मला झोप येतेय. एकही रंग चुकलेला नाही. जगात हे आगर आता एकाच डोळ्याला बरोबर दिसतं, माझ्या डाव्या.

मघाशी दवाखान्यातून फोन येऊन गेला. डाव्यासाठी तीन मार्च पक्की करू का, विचारत होत्या.
उद्या सांगते म्हटलं. हात अजून उजव्या डोळ्यावरच होता.